हुपरीची चांदी आणि जिवाणूचं शेपूट

प्रश्न कोल्हापूरजवळच्या, चांदीच्या दागिन्यांच्या हुपरीतल्या एका मुलाचा आहे. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राचं शेवटचं वर्ष, वडिलांचा पैंजणाचा छोटा कारखाना. त्यानं विचारलंय ते थोडक्यात असं: "मॅडम, फ्लॅजेलिन या प्रथिनाचा सिंथेटिक बायोलॉजीत खूप वापर होतो असं वाचलं. ई. कोलाय या जिवाणूच्या कशाभिकेवर (शेपटीवर) चांदी धरणारा प्रथिनाचा तुकडा बसवला, तर कारखान्यातल्या धुणाच्या पाण्यातली चांदी पकडता येईल का? प्रोजेक्टला सहा महिने आहेत. कॉलेजात पीसीआर, जेल आणि साधा सेंट्रिफ्यूज आहे."

तुझ्या आईच्या वयाची आहे, तेव्हा 'तू' म्हणते. चांदी पकडता येईल, पण त्यात पैसे नाहीत. ते का नाहीत याचा हिशेब पुढं करून दाखवते. तरी प्रोजेक्ट सोडू नकोस, कारण तुझा प्रश्न उलटा केला की चांगला होतो.

आधी शब्दाबद्दल. शाळेत आपण 'कशाभिका' शिकलो. कशा म्हणजे चाबूक. लॅटिनमधल्या 'फ्लॅजेलम'चाही अर्थ छोटा चाबूकच. दोन्ही भाषांनी मिळून आपल्याला फसवलं, कारण जिवाणूची कशाभिका चाबकासारखी फटके मारत नाही, ती फिरते. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९७३ मध्ये हे मांडलं. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी कशाभिका काचेला चिकटवून टाकली, तेव्हा अख्खा जिवाणूच गरागरा फिरताना दिसला. माझ्या वडिलांचं उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. त्यांना मी कधीतरी कशाभिका फिरवणाऱ्या मोटरचं चित्र दाखवलं होतं. स्टेटर, रोटर, शाफ्ट, बुश सगळं त्यांनी बोट ठेवून ओळखलं आणि त्या वाकड्या 'हुक'वर येऊन म्हणाले, "हा युनिव्हर्सल जॉइंट." बरोबर होतं. ही मोटर विजेऐवजी आत शिरणाऱ्या प्रोटॉनवर चालते आणि सेकंदाला शेकडो फेरे घेते. (शुक्रजंतूचं शेपूट ही वेगळीच चीज आहे. तिथं ट्युब्युलिन असतं, फ्लॅजेलिन नाही. तोंडी परीक्षेत यावर पोरं पडतात.)

आपल्या कामाचा भाग मोटर नाही, बाहेरचा लांब तंतू. तो जवळपास एकाच प्रथिनाचा बनतो, ते फ्लॅजेलिन. ई. कोलायमध्ये त्याच्या जनुकाला फ्लाय-सी म्हणतात. एक रेणू सुमारे ५१ किलोडाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) वजनाचा आणि एका तंतूत असे वीस हजारांच्या आसपास रेणू. अकरा उभ्या दोऱ्या एकमेकींना लागून गोल बसतात आणि मधे साधारण २ नॅनोमीटरचं पोकळ भोक राहतं. बाहेरून जाडी वीसेक नॅनोमीटर, लांबी दहा-पंधरा मायक्रोमीटर.

हा तंतू वाढतो कसा, ते नीट समजून घे. तुझ्या प्रयोगाचं यशापयश तिथंच ठरतं. साखर कारखान्याचं धुराडं बघितलं असशील. समज, ते बांधताना बाहेर परांची नाही, शिडी नाही. प्रत्येक वीट धुराड्याच्या आतल्या भोकातून वर ढकलायची आणि अगदी टोकाला नेऊन लावायची. फ्लॅजेलिन असंच जातं. पेशीच्या तळाशी एक निर्यातयंत्र आहे. ते रेणूची घडी उलगडतं आणि सुतासारखा तो भोकातून वर सोडतं. टोकाला फ्लाय-डी या प्रथिनाची पाच रेणूंची टोपी असते. तिच्याखाली पोचल्यावर रेणूची परत घडी पडते आणि तो जागेवर बसतो. टोपी नसेल तर विटा नुसत्याच बाहेर सांडत राहतात. ही सांडलवंडसुद्धा कामाची आहे, त्याबद्दल पुढं सांगते.

आता विटेचा आकार. रेणूची दोन्ही टोकं, म्हणजे सुरुवात आणि शेवट, एकत्र येऊन तंतूचा आतला भाग बनवतात. त्यांना डी-० आणि डी-१ म्हणतात. मधला भाग, डी-२ आणि डी-३, बाहेरच्या अंगाला काट्यासारखा उभा राहतो. केइइची नांबा यांच्या गटानं २००३ मध्ये साल्मोनेला या रोगजंतूच्या तंतूची अणूपर्यंतची रचना दाखवली, त्यात हे डोळ्यांना दिसतं. टोकं जिवाणू-जिवाणूंत फारशी बदलत नाहीत, मधला भाग मात्र वाट्टेल तसा बदलतो. काही जिवाणूंत तो जवळपास नाहीच. २०१७ मध्ये तर क्लॉस्ट्रिडियम गटातल्या काही जिवाणूंच्या फ्लॅजेलिनमध्ये त्या जागी चक्क प्रथिनं कापणारं एन्झाइम बसलेलं सापडलं. जे कलम आपण प्रयोगशाळेत बांधतो, ते निसर्गानं आधीच बांधून ठेवलं होतं.

मधला भाग इतका बदलता असल्याची साक्ष तुझ्या घरातल्या फायलीतही असेल. टायफॉइडच्या संशयावर विडाल टेस्ट करतात ना? रिपोर्टवर 'टीओ' आणि 'टीएच' असे दोन आकडे असतात. त्यातला एच म्हणजे फ्लॅजेलिनविरुद्धची प्रतिपिंडं. ई. कोलायच्या ओ१५७:एच७ या आजार करणाऱ्या प्रकाराच्या नावातला एचही तोच. हे अक्षर जर्मन 'हाउख' वरून आलं, अर्थ 'श्वासाची वाफ'. पळणारे जिवाणू प्लेटवर काचेवर फुंकर मारल्यासारखा पातळ थर पसरवतात, म्हणून. (नुसत्या एका टीएचवर औषध सुरू करणारे डॉक्टर अजून भेटतात. जुना आजार किंवा लस यांमुळंही तो आकडा वर्षानुवर्षं चढलेला राहतो.)

तर, टोकांना हात लावायचा नाही, मधे हवं ते शिवायचं. हे सूत्र धरून गेली तीस-पस्तीस वर्षं लोक काम करताहेत. १९८९ मध्ये कॉलरा विषाचा एक तुकडा साल्मोनेलाच्या फ्लॅजेलिनमध्ये बसवून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून दाखवली गेली. १९९५ मध्ये मधला भाग काढून तिथं थायोरेडॉक्सिन नावाचं छोटं प्रथिन बसवलं आणि त्याच्या बाहेरच्या वळणात कोट्यवधी वेगवेगळे छोटे तुकडे लावून, कुठला कशाला चिकटतो ते शोधायची पद्धत आली. हंगेरीत फेरेन्त्स वोंडरविस्त यांच्या गटानं डी-३ च्या जागी झायलनेज, म्हणजे वनस्पतीतलं झायलन फोडणारं एन्झाइम, बसवलं आणि त्याचे तंतू बनवले.

झायलनेज म्हटलं की कोल्हापूरकराला चिपाड आठवणारच. उसाच्या बगॅसमध्ये झायलन भरपूर असतं, मग तंतूवरच्या एन्झाइमनं ते फोडून साखर काढावी, असे दोन-तीन प्रस्ताव माझ्याकडं आले. मी ते परत पाठवले. बाजारातलं झायलनेज बुरशीकडून बनवून घेतात आणि बुरशी ते लिटरमागं कित्येक ग्रॅम बाहेर टाकते. आपला जिवाणू मिलिग्रॅममध्ये खेळतो. चिपाड बॉयलरमध्ये जाळून वीज करणाऱ्या कारखान्याला हे गणित कोण पटवणार?

आता माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं डी-३ मध्ये हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, बसवलं. म्हटलं, चमकती कशाभिका दिसेल, सगळे बघत राहतील. जोडलेल्या जनुकाचा क्रम वाचून बघितला, अगदी बरोबर आला, पेशीही हिरव्या झाल्या. मऊ अगारच्या प्लेटवर पळणारा जिवाणू पसरत जातो, माझी वसाहत मात्र जिथं टोचली तिथंच बसली, टिकलीसारखी. दोन महिने मी जनुकात चूक शोधत होते. चूक जनुकात नव्हती, समजुतीत होती. जीएफपीची घडी पेशीतच पडते आणि ती इतकी घट्ट असते की निर्यातयंत्राला उलगडत नाही. जीएफपीचा रेणू पिंपासारखा, त्या पिंपाची जाडीच २.४ नॅनोमीटर आणि भोक २ नॅनोमीटरचं. थायोरेडॉक्सिन जातं, जीएफपी अडकतं. फरक आकारापेक्षा घडी किती लवकर आणि किती पक्की पडते याचा आहे. तेव्हापासून माझा नियम आहे, कुठलाही तुकडा निवडताना आधी विचारायचं, हा सुतासारखा होऊन भोकातून जाईल का?

चमकती कशाभिका हवीच असेल तर सोपा रस्ता आहे. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्या फ्लॅजेलिनमध्ये सिस्टीन हे गंधकवालं अमिनो आम्ल एकही नसतं. बाहेरच्या अंगाला एकच सिस्टीन घाल आणि बाहेरून मॅलेइमाइडवाला, म्हणजे सिस्टीनला धरणारा, रंग लाव. रंग नेमका तिथंच चिकटतो आणि जिवाणू पळतोसुद्धा.

मघाशी सांडलवंडीचं म्हणत होते. टोपी काढून टाकली, फ्लॅजेलिनही काढलं आणि आपल्या प्रथिनाला निर्यातीचा पत्ता जोडला, तर जिवाणू ते सरळ माध्यमात सोडतो. फिनलंडच्या लोकांनी २००५ मध्ये हे दाखवलं. ई. कोलायकडून प्रथिन बाहेर काढून घेणं किती कटकटीचं असतं हे माहीत असेल, तर याचं मोल कळेल. उत्पादन इथंही मिलिग्रॅममध्येच.

दुसरी मोठी दिशा लशीची. आपल्या शरीराला फ्लॅजेलिन ओळखायची जन्मजात खोड आहे. टीएलआर-५ नावाचा ग्राहक ते पकडतो, हे २००१ मध्ये कळलं. तो पकडतो तो भाग डी-१ मधला, म्हणजे जो जिवाणूला बदलणं परवडत नाही तोच. पेशीच्या आत फ्लॅजेलिन घुसलं तर वेगळा पहारेकरी डी-० ओळखतो. म्हणून फ्लॅजेलिनला जोडलेला रोगजंतूचा तुकडा भोंगा सोबत घेऊनच येतो, वेगळं अॅडज्युव्हंट (लशीचा जोर वाढवणारा पदार्थ) लागत नाही. फ्लूच्या अशा लशी माणसांवर तपासल्या गेल्या. काही मायक्रोग्रॅमच्या डोसालाही काहींना थंडी-ताप आला आणि डोस खाली आणावा लागला. भोंगा मोठा आहे. डी-२, डी-३ काढून टाकलेलं एक फ्लॅजेलिन २००८ मध्ये उंदीर आणि माकडांना जीवघेण्या किरणोत्सर्गाआधी टोचलं, तर त्यातले बरेच वाचले. तेही टीएलआर-५ च्याच वाटेनं. उलटं म्हणजे, आपल्या आतड्यातल्या काही निरुपद्रवी जिवाणूंचं फ्लॅजेलिन या ग्राहकाला चिकटतं पण भोंगा जवळपास वाजवतच नाही. मला स्वतःला हे सगळ्यात मोहाचं वाटतं. शरीरात घालायचे तंतू करायचे असतील तर धागा तिथून उचलावा लागेल.

या वाटेला जाणार असशील तर एक खड्डा दाखवून ठेवते. ई. कोलायमधून काढलेल्या फ्लॅजेलिनला एलपीएस, म्हणजे जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन, चिकटून येतं आणि ते टीएलआर-४ या दुसऱ्याच ग्राहकाचा भोंगा वाजवतं. तुला वाटतं फ्लॅजेलिननं काम केलं, आणि काम केलेलं असतं घाणीनं. माझ्या हाताखालच्या एकीचा अख्खा आलेख असा फुकट गेला. साधी खूण अशी की प्रोटिनेज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, घालून बघायचं. फ्लॅजेलिन मरतं, एलपीएस मरत नाही. तरीही प्रतिसाद आला तर समजून जायचं.

झाडांनाही हे कळतं, फक्त ते दुसरी जागा ओळखतात. सुरुवातीच्या टोकातला २२ अमिनो आम्लांचा तुकडा, एफएलजी-२२, अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपाच्या एफएलएस-२ ग्राहकाला चिकटतो आणि झाड बचावाला उभं राहतं. टोमॅटोही ओळखतो. शिरोळकडचे कुणी शेतकरी विचारतील की मग फवारावं का? रोपाला एफएलजी-२२ मध्ये वाढवलं की ते खुरटतं, प्रयोगशाळेत याच खुरटण्यावरून तर परिणाम मोजतात. शिवाय टोमॅटोला मर आणणाऱ्या राल्स्टोनिया जिवाणूच्या फ्लॅजेलिनमधला हा तुकडा इतका बदललेला आहे की झाडाला तो दिसतच नाही.

आता तुझी चांदी. हिशेब कर. १ मिलिग्रॅम फ्लॅजेलिन म्हणजे साधारण २० नॅनोमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं माप). प्रत्येक रेणूवर चांदीचा एक आयन धरणारी एक जागा असेल तर १ मिलिग्रॅम प्रथिन सुमारे २ मायक्रोग्रॅम चांदी धरेल. सहा जागा केल्यास आणि सगळ्या भरल्या असं मानलं, तर १३ मायक्रोग्रॅम. १ ग्रॅम चांदीला जवळजवळ ८० ग्रॅम फ्लॅजेलिन लागेल. लिटरभर कल्चरमधून चांगल्या दिवशी १० मिलिग्रॅम मिळालं असं धरू. म्हणजे ग्रॅमभर चांदीसाठी आठ हजार लिटर कल्चर. वडिलांना हे सांगितलंस तर ते हसतील आणि त्यांचं बरोबर असेल. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात मूठभर मीठ टाकलं तरी चांदी क्लोराइड होऊन तळाशी बसते. फरशीवरची धूळ चाळणारा झारेकरीसुद्धा आपल्यापेक्षा जास्त कमावेल.

आणि धुणाचं पाणी कुठलं, ते आधी विचार. मुलाम्याच्या हौदातलं असेल तर त्यात सायनाइड असू शकतं. ते पाणी कॉलेजच्या लॅबमध्ये आणायचं नाही आणि त्यात आम्ल तर अजिबात घालायचं नाही. विषारी वायू सुटतो.

म्हणून प्रश्न उलटा कर. तंतूनं चांदी पकडण्याऐवजी चांदीनं तंतू मढव. प्रथिनावरची जागा फक्त पहिला आयन धरायला लागते. तो धरला आणि क्षपण केलं, म्हणजे आयनाचा धातू केला, की तिथं चांदीचा कण बसतो आणि पुढची चांदी त्या कणावर चढत जाते. मग एका जागेला एक आयन हे गणित लागू राहत नाही. वीस नॅनोमीटर जाडीची, मायक्रोमीटर लांबीची, सगळ्या सारख्या जाडीची नळी साच्याला मिळते. हिस्टिडीन किंवा सिस्टीन या धातू धरणाऱ्या अमिनो आम्लांचे तुकडे बसवून अशा नळ्यांवर धातू बसवल्याची कामं झालेली आहेत, तेव्हा रस्ता अगदीच अंधारातला नाही. तंतू मुळात नागमोडी असतो. सरळ हवा असेल तर एकाच अमिनो आम्लाच्या बदलानं सरळ होणारे प्रकार साल्मोनेलात माहीत आहेत. तू त्या वाटेला जाऊ नकोस, साल्मोनेला तुझ्या लॅबसाठी नाही. नागमोडी तंतूवर चांदी चढली तरी प्रोजेक्ट होतो.

कामाचं सांगते. ई. कोलायच्या प्रकारांपैकी बीएल-२१ वापरू नकोस, त्याला कशाभिकाच नाहीत. डीएच-५-अल्फा क्लोनिंगला ठीक, पळायला आळशी. एमजी-१६५५ घे, पण तो कुणाकडून आला ते बघ. एकाच नावाचे दोन साठे पळण्यात वेगळे निघतात, कारण काहींत एका मुख्य नियंत्रक जनुकाच्या वर एक उडता डीएनए येऊन बसलेला असतो आणि ते जोरात पळतात. त्याचा फ्लाय-सी काढलेला प्रकार मिळव आणि तुझं फ्लॅजेलिन प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावरून, दे. माध्यमात ग्लुकोज नको, त्यानं कशाभिकेची जनुकं बंद पडतात. ३० अंशाला वाढव, ३७ ला नको.

तुकडा छोटा ठेव. सहा हिस्टिडीनपासून सुरुवात कर. सिस्टीनचा मोह होईल, चांदी गंधकाला घट्ट धरते म्हणून. पण सिस्टीन आपापसांत जोड्या लावून तंतूंचा गुंता करतात, तेव्हा तो दुसऱ्या महिन्यात.

तंतू काढायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतं असं सगळे सांगतील. असला तर बरंच, पण अडून बसू नकोस. कल्चर सेंट्रिफ्यूज करून पेशी थोड्या बफरमध्ये घे आणि बारीक सुईच्या सिरिंजमधून दहा-पंधरा वेळा जोरात काढ. आम्ही एकेकाळी मिक्सर वापरलाय, घरचा नव्हे. शेपट्या तुटतात, पेशी फुटत नाहीत. पेशी खाली बसव, वरच्या पाण्यात तंतू असतात, ते अमोनियम सल्फेटनं खाली आण. ६५ अंशाला पंधरा मिनिटं ठेवलंस की तंतू सुटे रेणू होतात, मग जेलवर ५१ किलोडाल्टनच्या आसपास जाड पट्टी दिसेल. याच सुट्या रेणूंना मीठ वाढवून आणि तंतूचे थोडे तुकडे विरजणासारखे घालून परत तंतू करता येतात. हे जमलं की निम्मा प्रोजेक्ट झाला.

चांदी घालताना बफर बदल. क्लोराइड असेल तर सिल्व्हर क्लोराइड, फॉस्फेट असेल तर सिल्व्हर फॉस्फेट. दोन्ही वेळा ट्यूब गढूळ होते आणि पोरं आनंदानं फोटो काढतात. तुकडा न बसवलेल्या तंतूंची ट्यूब शेजारी ठेवल्याशिवाय मला काही दाखवू नकोस. चांदी कुठल्याही प्रथिनावर थोडी बसतेच. शेवटी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागेल, त्याची वेळ आतापासून मागून ठेव. रांगेतच महिना जातो.

आणि क्लोनिंगला हात लावायच्या आधी कॉलेजच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता. जनुक बदललेल्या सजीवांबद्दलच्या १९८९ च्या नियमांखाली ती लागते. गाईड म्हणतील, "नंतर करू." नंतर नाही. कल्चर ऑटोक्लेव्ह न करता सिंकमध्ये ओतायचं नाही. पंचगंगेत आधीच पुष्कळ काय काय जातं.

सुरुवात मात्र यातल्या कशानंच करू नकोस. सोमवारी ०.३ टक्के अगारची प्लेट ओत, एका बाजूला मिळालेला एमजी-१६५५ टोच, दुसऱ्या बाजूला फ्लाय-सी काढलेला, आणि रात्रभर ३० अंशाला ठेव. सकाळी एकाभोवती चकतीसारखं वलय आणि दुसरा टिकलीएवढाच असेल, तर प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागव. दोन्ही टिकल्याच राहिल्या तर प्लेटचा फोटो मला पाठव, आधी स्ट्रेन बदलू.